गुंडप्पाची आंघोळ

सोलापूर,
१६ मार्च २०२५, रविवार

चेतनावहिनींस,
महेश्वरीचा नमस्कार.

तुम्हाला वहिनी म्हणायचा हक्क मला राहिला आहे की नाही, कोण जाणे. तुम्ही आता नाशिकच्या, दुसऱ्या घरच्या. पण तुमच्यासाठी दुसरी हाक माझ्या तोंडी बसत नाही, तेव्हा हीच चालवून घ्या. तुमची आणि तुमच्या यजमानांची तब्येत बरी असेल. इकडे ऊन तापायला लागलंय, ज्वारीची काढणी उरकली, अप्पांचा दमा आहे तिथंच आहे.

आधी महत्त्वाचं. अंकिता बरी आहे. शुद्धीवर आहे, पेज खाते, डॉक्टरांशी हुज्जत घालते. उद्या सकाळी तुम्ही याल तेव्हा ती जागी असेल. बाहेरच्या बाकावर अप्पा बसलेले दिसतील. मी नसेन. म्हणून हे पत्र लिहून तिच्या उशीखाली ठेवते आहे. कॉटच्या उजव्या अंगाला खुर्ची ठेवली आहे, तिथंच बसा. डावीकडे बसू नका.

काल ती फोनवर तुम्हाला म्हणाली की डोंगराच्या पायरीवरून पाय घसरला. बोलताना तिनं माझ्याकडे बघून डोळा मारला, डोक्याला एवढं बँडेज असताना. खोटं बोलताना दादाही असाच खुशीत यायचा. मी त्या वेळी खरं सांगितलं नाही, कारण तुम्हाला आजच्याच गाडीचं तिकीट मिळालं होतं आणि रात्रभर एकटीनं बसायचं होतं. पण तुम्ही पोहोचल्यावर तुम्हाला खरं कळायला हवं, आणि ते माझ्याकडून कळायला हवं.

ती आली बुधवारी, अक्कलकोटहून एसटीनं. पाठीवर पिशवी, हातात मोबाइल लावायची काठी. दारात उभी राहून म्हणाली, "आत्या, मी सोमशेखरची मुलगी." जसं काही सांगायची गरज होती! दादाचंच नाक, आणि एक भुवई वर चढवून बघायची ती दादाचीच खोड. मी रडायच्या आत तिनं चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "हा चहा आहे की पाक?" म्हणजे स्वभाव तुमचा.

तुम्हाला हंपीला जाते सांगून ती केंचवाडीला आली, याबद्दल तिला काय बोलायचं ते बोला. जुन्या विहिरी, किल्ले, देवळं यांचे व्हिडिओ ती करते हे तुम्हाला ठाऊक आहेच. तसलाच कुणाचा तरी व्हिडिओ बघताना तिला आपल्या डोंगरावरचा फलक दिसला. "वीर सोमशेखर शिवप्पा हत्तुरे", आणि वर दादाचा लग्नातला फोटो, तुमची बाजू कापून टाकलेला. तुम्ही तिला बाप अपघातात गेला एवढंच सांगितलं होतंत. मी तुम्हाला दोष देत नाही. मलाही लेक असती तर मी तेवढंच सांगितलं असतं.

तिनं माझ्या पदराला छोटा माइक लावला आणि मला डोंगराच्या पायरीवर बसवलं. म्हणाली, आत्या, इतिहास सांग. मी चौथीच्या पोरांना दरवर्षी सांगते तोच सांगितला. मैंदर्गीच्या रस्त्यानं येताना सपाट काळ्या रानात हा एकच डोंगर दिसतो, सगळा तांबडा, म्हणून कानडीत केंचगुड्ड. त्याच्या पोटावर वीरभद्राचं देऊळ आणि देवळासमोर गोल हुडा, टेहळणीचा बुरूज. पेंढारी आले ते होळीच्या दुसऱ्या दिवशी. गावानं बायकापोरं आणि धान्याची पोती हुड्यात कोंडली आणि गडीमाणसं उतारावर उभी राहिली. हत्यारं नव्हती, दगड होते. दिवेलागणीपर्यंत दगडच मारले. जखमेत देवळातलं भस्म भरायचं आणि पुन्हा उभं राहायचं. खाली कुणी उतरलं नाही, कारण जो उतरला तो कापला गेला. अंधार पडता पडता पेंढारी निघून गेले.

तेव्हापासून धुळवडीला वरची आळी उतारावर उभी राहते, खालची आळी पायथ्याला, आणि हलगी वाजली की एकमेकांवर दगड. नियमही त्याच दिवसाचे. दगड हातानंच मारायचा, गोफण चालत नाही. ज्याला लागला त्यानं विचारायचं नाही आणि ज्यानं मारला त्यानं नाव सांगायचं नाही. लागलेल्यानं जखमेत भस्म भरून हुड्यात बसायचं, सांजेची आरती होईपर्यंत सीमेचा दगड ओलांडून खाली यायचं नाही. आणि एखाद्या दगडानं जीवच घेतला तर तो दगड देव. मेलेल्याच्या घरानं तो देव्हाऱ्यात बसवायचा आणि रोज भस्म चढवायचं. त्याला धुवायचा मान फक्त मेलेल्याच्या लेकराचा, दुसऱ्या कुणी त्यावरचं भस्म काढायचं नाही.

"पेंढारी तर गेले," अंकिता म्हणाली. "मग आता तुम्ही कुणाला मारताय?"

मी म्हटलं, हे काप.

तुम्ही गेलात त्यानंतर डोंगर लई बदललाय. पायऱ्यांना लोखंडी कठडे आले, हुड्याला रंगीत दिवे आले, फोटो काढायला सिमेंटचं नंदीचं तोंड आलं, त्यात डोकं घालून लोक हसतात. धुळवडीला पुण्याच्या, गुलबर्ग्याच्या गाड्या येतात. दगडफेकीला बंदी आहे म्हणून फलकावर "पारंपरिक पालखी सोहळा" असं लिहिलेलं असतं. समोरून डोंगर शाबूत दिसतो. मागच्या अंगाला गेलं की कळतं, अर्धा पोखरून नेलाय. दादा ज्या खडीच्या मशीनला ग्रामसभेत एकटा उभा राहून नको म्हणाला होता, ती तो गेल्यावर वर्षभरात आली. मशीन भीमाशंकरची. देवस्थान समितीचा अध्यक्षही भीमाशंकरच, आणि माइक घेऊन पर्यटकांना इतिहास सांगणाराही तोच. "सोमशेखर आमचा वाघ हुता, देवानं मागून घेतला," असं म्हणताना त्याचा आवाज दरवर्षी त्याच ठिकाणी भरून यायचा. मीही पदर डोळ्याला लावायचे.

आता गुरुवारचं सांगते, होळीच्या दिवसाचं.

आपल्या देव्हाऱ्यातला गुंडप्पा तुम्हाला आठवतो की नाही? दादाला लागलेला दगड. तुम्ही निघून गेलात तेव्हा तो नुकताच बसवला होता, तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नसेल. इतक्या वर्षांच्या भस्मानं आणि तेलानं तो सोललेल्या नारळाएवढा फुगला होता, पांढरा, गुळगुळीत. अप्पांनी अंकिताला हात धरून त्याच्यापुढे बसवलं. अप्पा सकाळपासून नवं धोतर नेसून बसले होते.

"बा यव्वा, ये," ते म्हणाले. "गुंडप्पाची आंघोळ ऱ्हायली हाय. तुझाच मान हाय त्यो."

तिला हे देवाचं वगैरे फारसं पटत नव्हतं. पण आपल्या बापाला लागलेला दगड हातात घेताना तिचं तोंड एवढंसं झालं. मी पाणी कढवून दिलं, नारळाची शेंडी दिली. पहिली पांढरी पुटं निघाली. मग पिवळं, चिकट, तेलाचं. ती घासत राहिली, परातीतलं पाणी मी पुन्हा पुन्हा बदलत राहिले, आणि खालून पेरूएवढा दगड निघाला. काळा. गोल. तुकतुकीत.

अंकितानं तो तळहातावर फिरवला. "अज्जा," ती म्हणाली, "हा इथला नाही ना?"

अप्पा धोतराचा काठ चाचपत राहिले.

"काल सगळा डोंगर फिरले. सगळा तांबडा, चिरफाळ्या उडालेला. हा नदीतला गोटा आहे. हा वर कसा आला?"

वहिनी, बोरी नदीच्या पात्रातले असले गोटे आम्ही लहानपणापासून बघतोय. गोफणीत घालायला पोरं तसलेच वेचतात, कारण गोल गोटा सरळ जातो. आणि भीमाशंकरचं रान नदीकाठचं. त्याची गोफण म्हणजे उडत्या भोरडीचा पंख मोडायची, त्याची स्तुती आम्हीच करायचो. मला हे सगळं एका दमात समजलं आणि मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी देव्हाऱ्याकडे पाठ केली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"भस्म मीच भरलं की," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "दगड बगितला. बोललो असतो तर त्याच राती दोन्ही आळ्या पेटल्या असत्या. आनि पोरं मेली असती. म्हून भस्म लावत बसलो."

"आरती होईपर्यंत दादाला खाली का नाही नेलंत?"

"त्यो नेम हाय न्हवं का."

मी त्या दगडाला रोज फूल वाहिलंय हो. ह्यांच्या आजारपणात मी त्याच्यापुढे नवस बोलले. हे गेल्यावर, बदली घेऊन केंचवाडीत आले तेव्हा, आधी त्यालाच नमस्कार केला. माझ्या भावाचा जीव घेणाऱ्या दगडाला. मला इतका संताप आला की परातीतलं पाणी मी अप्पांच्या अंगावर फेकलं. ते नव्या धोतरात तसेच भिजून बसले. अंकिता मला धरून राहिली नसती तर मी परातही फेकली असती.

तुम्ही त्या दिवशी सीमेच्या दगडाशी तान्ह्या लेकराला घेऊन ओरडत होतात, खाली जीप उभी होती, सोलापूर तासाभरावर होतं. मी तेव्हा सासरी मैंदर्गीला, मला हे सगळं नंतर ऐकून माहीत. दिवसकार्य व्हायच्या आधीच तुम्ही अप्पांच्या तोंडावर म्हणालात, "तुमचा देव माणसं खातो," आणि निघून गेलात. गावात अजून ते वाक्य सांगून तुम्हाला शिव्या घालतात. गुरुवारी मी ते परातीपुढे बसून स्वतःशी म्हटलं.

इथं पेन ठेवून आत अंकिताकडे जाऊन आले. झोपली आहे. डाव्या कुशीवर वळू देत नाहीत म्हणून तोंड वेडंवाकडं करून झोपली आहे. अप्पा बाकावर आहेत, त्यांना इडली आणून दिली ती त्यांनी कुत्र्याला घातली.

शुक्रवारी धुळवड.

अंकितानं रात्रीच ठरवलं होतं की भीमाशंकर माइकवर इतिहास सांगायला लागला की सगळ्यांसमोर त्याला दगड दाखवायचा आणि विचारायचं. बस, एवढंच. तिच्या पुण्याच्या कॉलेजात प्रश्न विचारला की समोरचा उत्तर देतो, तिला वाटलं इथंही देईल. मी नको म्हणाले नाही. मलाही त्याचं तोंड बघायचं होतं. मी तिच्याबरोबर गेले. अप्पा आमच्या मागून काठी टेकत आले, आम्ही त्यांच्याशी बोलत नव्हतो.

हुड्यापुढे ही गर्दी. भीमाशंकर पांढऱ्या कपड्यात, कपाळावर भस्माचे पट्टे. वाघ हुता, देवानं मागून घेतला, इथपर्यंत आला आणि आवाज भरून यायच्या जागी थांबला. त्या थांबण्यात अंकिता पुढे झाली. काळा गोटा तिनं उंच धरला.

"काका, मी सोमशेखरची मुलगी. सगळा डोंगर तांबडा. माझ्या वडलांना लागलेला हा दगड काळा कसा?"

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणी टाळ्या वाजवल्या. पण गावातल्या माणसांना गोफणीचा गोटा ओळखायला वेळ लागला नाही. भीमाशंकर दगडाकडे बघत राहिला. मग त्यानं माइकचं बटण बंद केलं आणि हलगीवाल्याकडे हात केला. अजून पालखी निघाली नव्हती, नारळ फुटला नव्हता. तरी त्यानं हात केला.

हलगी कडाडली.

पहिला दगड कुणाच्या तरी ड्रोनला लागला आणि लोक हसले. मग दुसरा कठड्यावर आदळून ठणाणला, आणि मग मोजता येईना. पायथ्याच्या आळीला वर काय चाललंय ते दिसत नाही, त्यांना हलगी ऐकू येते एवढंच. त्यांनी मारायला घेतलं. वरच्या आळीची पोरं मोबाइल खिशात कोंबून दगड उचलायला वाकली. पाहुणे सिमेंटच्या नंदीमागे एकमेकांवर पडले. एका माणसाचे दात माझ्यासमोर पायरीवर सांडले आणि तो ते वेचायला लागला. मी अंकिताचा दंड धरून ओढत होते आणि ती ओरडत होती, "उत्तर द्या! पळताय कुठं!" मला तिच्या डाव्या अंगाला नारळ फुटल्यासारखा आवाज आला. ती उभीच्या उभी खाली बसली. काळा गोटा तिच्या हातातून सुटून माझ्या पायाशी आला.

तिला लागलेला दगड तांबडा होता. तो कुणाचा, हे मला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही.

वहिनी, तिच्या कानातून रक्त येत होतं. कवटीला चीर गेली आहे, आत थोडं रक्त साकळलं होतं. ऑपरेशनची वेळ आली नाही, धोका टळलाय असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. पण डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही. येईल की नाही हे ते सांगत नाहीत. खुर्ची उजवीकडे का ठेवली ते एवढ्यासाठी. तुमची हाक तिला ऐकू यायला हवी.

पुजारी चनबसप्पा भस्माचं ताट घेऊन धावत आला. चांगला माणूस आहे, तुमच्या लग्नात त्यानंच मंत्र म्हटले होते. "ताई, दाबून भर, रगत थांबतंय," म्हणत त्यानं मूठ पुढे केली. मी ताटाला लाथ मारली. भस्म सगळ्यांच्या डोळ्यांत गेलं. मी तिला काखेत धरून उचललं, पण एकटीला झेपेना. तेवढ्यात तिचे पाय कुणी तरी उचलले. बघते तर अप्पा. काठी टाकून दिली होती. दम लागून छाती फुटल्यासारखी वाजत होती आणि ते म्हणत होते, "चल. खाली चल."

दगड चालूच होते. अप्पांच्या पाठीत एक बसला, माझ्या खांद्याला एक. आम्ही सीमेच्या दगडाशी आलो तर तिथं भीमाशंकर वाट अडवून उभा. बरोबर त्याची तीन-चार माणसं.

"आरती झाल्याबिगर कोन उतरत न्हाय," तो म्हणाला. "रगत डोंगराचं हाय. अप्पा, तुमाला नेम सांगायचा व्हय?"

"साकु," अप्पा म्हणाले. "पुरं झालं, भीमा. पोरगीला जाऊ दे."

"तवा तुमीच थांबवला हुता लेकाला. आता नातीला वेगळा नेम?"

"साकु!" अप्पा ओरडले. त्या माणसाचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ते अंकिताचे पाय हळूच खाली ठेवून पुढे झाले आणि सीमेच्या दगडावर त्यांनी पाय दिला. भीमाशंकरनं त्यांच्या छातीवर हात लावून ढकललं. अप्पा पाठीवर पायरीवर आपटले.

मी गोटा उचलला होता कधी, ते आठवत नाही. तो माझ्या मुठीत होता. मी भीमाशंकरच्या कानशिलावर मारला. तो गुडघ्यावर आला, बाजूला कलला. त्याची माणसं मागं सरली. वाट मोकळी झाली.

हे वाक्य मला पुन्हा लिहायचं आहे. वाट मोकळी झाली होती. मी अंकिताला घेऊन तशीच जाऊ शकत होते. भीमाशंकर सीमेच्या दगडाला टेकून माझ्याकडे बघत होता, तोंडानं "ताई" म्हणाला. आणि मी दुसऱ्यांदा मारला. पहिल्यापेक्षा जोरात, त्याच जागी. त्याचं कानशील आत गेलेलं मला हातात कळलं. तो अंकितासाठी नव्हता. दादासाठी होता, आणि माझ्या फुलांसाठी, नवसासाठी, पदर डोळ्याला लावला त्यासाठी. मला बरं वाटलं. तुमच्यापासून लपवत नाही, त्या क्षणी मला फार बरं वाटलं.

अप्पांनी उठून पुन्हा अंकिताचे पाय धरले आणि आम्ही सीमा ओलांडली. गुलबर्ग्याच्या एका पाहुण्यानं त्याच्या गाडीत आम्हाला सोलापुरात आणलं. तोही घाबरला होता, पण गाडी नीट चालवली.

भीमाशंकरला मात्र त्याच्या माणसांनी खाली आणलं नाही. उचलून हुड्यात नेलं, जखमेत भस्म भरलं आणि आरतीची वाट बघत बसले. दादाला बसवलं होतं तिथंच. आरती झाल्यावर गाडीत घातला आणि याच दवाखान्यात आणला, आमच्याच मजल्यावर. काल दुपारी तो गेला. म्हणजे तुम्ही अंकिताशी फोनवर बोलत होता त्याच्या थोडं आधी. म्हणून माझा आवाज तुम्हाला विचित्र वाटला असेल.

पोलीस येऊन गेले. गावातल्या एकूण एक माणसानं सांगितलं की गर्दीत दगड लागला, कुणाचा ते दिसलं नाही. हलगी वाजली की फोटो काढायचे नाहीत, हाही नेम, आणि पाहुणे नंदीमागे दडलेले, म्हणून चित्रणही नाही. संध्याकाळी चनबसप्पा दोन्ही आळ्यांच्या वतीनं आला. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, घोर करू नगं. डोंगरावरच्या दगडाला नाव नसतंय. त्येच्या भावांनी बी मान्य केलंय. तू घरी चल, शाळा बघ."

खरं सांगते, मोह झाला. मी चौपन्न वर्षांची बाई, चार वर्षांत पेन्शन लागेल, अप्पांना कोण बघणार. मी अर्धी रात्र हो म्हणत काढली. पण मी हो म्हटलं की दादाच्याही दगडाला नाव उरत नाही. ज्या भस्माखाली तो इतकी वर्षं झाकला, तेच भस्म मी माझ्यासाठी मागून घेते, असं झालं असतं. मग गुंडप्पाची आंघोळ तरी कशाला घातली आम्ही?

तरीही कदाचित मी डगमगले असते. पण आज सकाळी निंगव्वा आली. भीमाशंकरची बायको. मृतदेह ताब्यात घ्यायला घरचे खाली थांबले होते आणि ती एकटी जिना चढून आमच्या वॉर्डापाशी आली. कपाळ पुसलेलं, डोळे कोरडे. माझ्यासमोर उभी राहिली.

"दगड द्या," म्हणाली. "देव्हाऱ्यात बसवायचा हाय. नेम हाय."

गोटा माझ्या पिशवीत होता, अंकिताच्या ओढणीत गुंडाळलेला. मी गाठ सोडून दाखवला, हातात दिला नाही. "निंगव्वा," मी म्हटलं, "हा तुमच्याच घरचा आहे."

तिनं तो नीट पाहिला. बराच वेळ पाहिला.

"व्हय," ती म्हणाली. "गोफण मीच विनली हुती, भोरड्या हाकायला. त्या दिशी ह्येच खुंटीवरनं घेऊन गेले. परत आले, गोफण न्हवती. मी इच्चारलं न्हाय."

"पोलिसांनी विचारलं तर सांगशील?"

"आजवर कुनी इच्चारलंय? इच्चारलं तर सांगीन की." मग ती म्हणाली, "खाली न्या, खाली न्या म्हनत हुते हुड्यात. त्येंच्याच मानसांनी आयकलं न्हाय." आणि हात उगारून तिनं माझ्या तोंडात मारली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मी गाल धरून उभी, आणि ती माझ्याच शेजारी बाकावर मटकन बसली. "त्यो दगड माज्या घरात देव म्हनून नगं," ती म्हणाली. "तुमी बी नाव सांगा तुमचं." आम्ही दोघी खालून तिला हाक येईपर्यंत बसून होतो.

तेव्हा ठरलं. अंकिताला सगळं सांगितलं आहे. ती रडली, मग माझ्याशी भांडली, मग म्हणाली, आई आल्याशिवाय जाऊ नकोस. पण तुम्ही आलात की तुमच्या गळ्यात पडून माझं धैर्य जाईल, एवढं मी स्वतःला ओळखते. तुमची गाडी स्टँडवर लागेल तेव्हा मी दगड घेऊन पोलीस ठाण्यात असेन. दोन्ही दगडांचं सांगेन, म्हणजे त्याच दगडाचं, दोन्ही वेळचं. दुसऱ्यांदा मारला तेव्हा वाट मोकळी होती, हेही सांगेन.

अप्पांशी बोला असं मी म्हणणार नाही. ते बाकावर बसलेत आणि तुम्ही आलात की उठून उभे राहतील, एवढं मला माहीत आहे. धुळवडीच्या दिवशी त्यांनी अंकिताचे पाय उचलले आणि सीमा ओलांडली, हे मात्र विसरू नका. तुमच्या एका हाकेला त्यांना इतकी वर्षं लागली.

अंकिताच्या गोळ्या टेबलावर आहेत, सकाळची पांढरी जेवणाआधी. चहा पाजू नका, पाजलाच तर साखर कमी.

डोंगराचा नेम आहे की मारणाऱ्यानं नाव सांगायचं नाही. म्हणून सही पूर्ण करते. सासरचं नाव लावत नाही, त्या घराचा यात काही दोष नाही.

सोमशेखरची बहीण, तुमची नणंद,
दगड मारणारी
महेश्वरी शिवप्पा हत्तुरे